डुकराच्या दाढेची साक्ष



माझा सारा जन्म तांबड्या शाईनें मुलांच्या चुका दाखविण्यांत गेला. आजचें भाषणही एका चुकीविषयींच आहे. मात्र ती विद्वानांची आहे.

पूर्व आफ्रिकेंत, केनियाच्या उत्तर भागांत, तुर्काना नांवाचें लांबच लांब सरोवर आहे. भोंवतालचा प्रदेश आज उजाड आहे. परंतु प्राचीन काळीं येथें नद्यांचा गाळ व ज्वालामुखींची राख यांचे थरावर थर सांचले आणि त्यांत आदिमानवांच्या अस्थि दगडरूप होऊन राहिल्या. पूर्व तीरावरील कूबी फोरा भागांत रिचर्ड लीकी यांच्या तुकडींतील बर्नार्ड न्गेनेओ यांस इ. स. १९७२ मध्यें एका कवटीचे तुकडे दिसले. असे दीडशेंहून अधिक तुकडे जुळवून जी कवटी सिद्ध झाली, ती '१४७०' या क्रमांकानें प्रसिद्ध आहे.

तिचें वय कसें ठरवावें? राखेंतील पोटॅशियमपासून अत्यंत संथपणें आरगॉन वायु उत्पन्न होतो. तो मोजला म्हणजे राख केव्हां पडली तें कळतें. कवटीच्या वरील राखेचें वय २६ लक्ष वर्षें ठरलें होतें. अर्थात् खालची कवटी त्याहून जुनी. ती सुमारें २९ लक्ष वर्षांची मानली गेली. इतक्या जुन्या काळीं एवढा मोठा मेंदू! सर्वत्र आश्चर्य झालें.

परंतु रानडुकरांच्या दाढांनीं निराळी साक्ष दिली. पिढ्यानुपिढ्या या दाढा लांब होत गेल्या होत्या. कूबी फोरा येथील दाढा उत्तरेकडील ओमो खोऱ्यांतील सुमारें २० लक्ष वर्षांपूर्वींच्या दाढांशीं जुळत होत्या, हें बेसिल कुक यांनीं दाखविलें. कांहीं वर्षें कडाक्याचा वाद झाला. अखेर १९८० च्या सुमारास, नव्या मोजणीनें राखेचें वय सुमारें १९ लक्ष वर्षें ठरलें. पहिल्या नमुन्यांत जुने कण मिसळले होते. चूक मान्य झाली. कवटीचें महत्त्व मात्र उणावलें नाहीं.

एकदां एका मुलाचें गणित, उत्तर पुस्तकाशीं जुळेना म्हणून मीं चूक ठरविलें. रात्रीं स्वतः करून पाहिलें, तों पुस्तकाचीच चूक निघाली! वर्गांत तें कबूल करण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तो आज कोठें ऐकत असल्यास, त्याच्या गणिताचे पुरे गुण मी आतां देत आहें.