फ्लेन्सबुर्गची रम कोणाची?

कॅरिबियन बेटांवरची रम आणि जर्मनीच्या उत्तर टोकाचं थंडगार फ्लेन्सबुर्ग यांचं नातं काय, असं कुणालाही वाटेल. पण 1864 पर्यंत हे बंदर डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होतं आणि सेंट क्रॉई, सेंट थॉमस ही बेटंही त्याचीच. 1755 पासून इथली जहाजं तिकडे जाऊ लागली आणि येताना कच्ची साखर, मळीपासून गाळलेली रम आणू लागली. 1864 च्या युद्धात डेन्मार्क हरला, ती वाट मोडली, तसे व्यापारी जमैकाकडे वळले. पुढे जकात भारी पडू लागली, तेव्हा त्यांनी अतिशय उग्र वासाची रम मागवून ती थोडीथोडी साध्या मद्यार्कात मिसळली. हीच ‘रम-फर्श्निट’, म्हणजे मिश्र रम. नियमानुसार तिच्या मद्यार्कात किमान 5 टक्के वाटा रमचा लागतो.

मग ही भेसळच की, असं कुणी म्हणेल. पण भेसळ लपवतात. इथे मिश्रण नावातच सांगितलेलं आहे. शिवाय तिथल्या घरांनी रम आपलीशी केली. उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी, मग चेरी, मग आलुबुखार, जसजशी फळं येतील तसतशी साखरेसह बरणीत घालायची, वर रम ओतायची आणि नाताळच्या सुमारास बरणी उघडायची, हा ‘रुमटॉप्फ’. तरीही रमला निव्वळ जर्मन म्हणणं अन्यायाचं. डेन्मार्कच्या त्या बेटांवर 1848 पर्यंत ऊस तोडला, रस उकळला तो गुलाम केलेल्या आफ्रिकनांनी. मिश्रणाचं श्रेय फ्लेन्सबुर्गला जरूर द्यावं. मूळ कसबाचं मात्र बेटांनाच.