अमेरिकेची ‘मसल कार’ : उगम आणि व्याख्या



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान यांच्या पंगतीत ही मोटार कोठून येऊन बसली? परंतु एखादा समाज आपल्या हौसेसाठी कोणती वस्तू घडवतो आणि तिचे मोल शेवटी कोणाला मोजावे लागते, हा प्रश्न या सर्व शास्त्रांच्या कक्षेतलाच आहे. म्हणून अमेरिकेतल्या ‘मसल कार’चा थोडा विचार आज आपण करू.

प्रथम व्याख्या. ‘मसल’ म्हणजे स्नायू. तेव्हा पिळदार दंडाची मोटार, हा झाला शब्दाचा अर्थ. पण जबर इंजिनाची प्रत्येक गाडी मसल कार नव्हे. तिच्या ठायी चार लक्षणे एकत्र यावी लागतात. मध्यम आकाराची, दोन दारांची, घरगुती वापराची गाडी हे पहिले. तीत बसवलेले, एरवी मोठ्या गाडीला शोभणारे आठ सिलिंडरांचे ‘व्ही-एट’ इंजिन हे दुसरे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, हे तिसरे. आणि सामान्य पगारदाराला परवडणारी किंमत, हे चौथे. आमच्या मते या चौथ्यातच सारे मर्म आहे. १९५५ ची क्रायसलर सी-३०० पुरत्या तीनशे अश्वशक्तीची होती. पण ती धनिकांची गाडी. कॉर्व्हेट ही दोघांपुरती स्पोर्ट्स कार. १९६४ च्या एप्रिलात आलेली फोर्ड मस्टँग स्वस्त खरी, पण चणीने लहान. तिच्या वर्गाला ‘पोनी कार’ असे वेगळे नाव पडले. तिची जबर इंजिनाची रूपे या कुळात घ्यावीत की नाही, यावर जाणकारांत अजून एकमत नाही.

आता उगम. या मोटारीचा जन्म कारखान्यात होण्यापूर्वी परसातल्या गॅरेजात झाला होता. १९३२ साली फोर्डने व्ही-एट इंजिन स्वस्त गाडीत आणले. पुढे कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्यांचे अनावश्यक पत्रे काढून टाकीत, इंजिनाची ताकद वाढवीत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती लावीत. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणत. महायुद्धानंतर हा नाद देशभर पसरला, आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी शर्यती रस्त्यांवरून मैदानांत नेण्यासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पाव मैलाचे अंतर कोण आधी तोडतो, ही त्या शर्यतींची रूढ कसोटी.

मोठे इंजिन आणि हलकी गाडी हे पोरांचे गणित कंपन्यांनाही उमगले होते. १९४९ च्या ओल्ड्समोबिल ‘रॉकेट एटी-एट’मध्ये ते दिसते, काही लेखक तिलाच या कुळाची मूळ गाडी मानतात. तथापि ज्या गाडीपासून लाट उठली, ती १९६४ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ.

तिची कथा गमतीची आहे. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास फर्मावले. पाँटिअ‍ॅकची विक्री तर शर्यतीच्या नावलौकिकावरच वाढली होती. तेव्हा तिचे मुख्य अभियंता जॉन डीलॉरियन आणि त्यांचे सहकारी यांनी मैदानातली ताकद सरळ रस्त्यावर आणायचे ठरवले. मध्यम गाडीतील इंजिन ३३० घनइंचांहून मोठे नसावे, असा कंपनीचा दंडक होता. पाँटिअ‍ॅकचे ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बाह्य आकाराने ३२६ घनइंचांच्या इंजिनाएवढेच असल्याने टेंपेस्ट गाडीत सहज बसत होते. अडचण नियमाची! मग नवी गाडी म्हणून नव्हे, तर जुन्याच गाडीवर तीनशे डॉलरांच्या आत मिळणारा ऐच्छिक जोड म्हणून तिची विक्री झाली. ताकद ३२५ अश्वशक्ती. अंदाज पाच हजारांचा होता; पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. त्याच काळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन १.२ लिटरचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंकाचे वजन कळेल.

काळही अनुकूल होता. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी अठरा वर्षांची होत होती, १९५६ च्या कायद्याने रुंद महामार्ग बांधले जात होते, पेट्रोल स्वस्त होते. मग चढाओढ लागली. १९६८ ची प्लिमथ ‘रोड रनर’ तर गालिचे आणि नखरे वगळून तीन हजार डॉलरांच्या आत दिली गेली. १९७० मध्ये शेव्हरले शेव्हेलच्या एका इंजिनाचा आकडा ४५० अश्वशक्तीवर पोचला.

परंतु श्रोतेहो, स्नायू वाढले तसा संयम वाढला नाही. त्या पहिल्या जीटीओला चारही चाकांवर ड्रम ब्रेकच होते. वारंवार दाबले की तापून ढिले पडणारे. धावण्याची सोय केली, थांबण्याची राहिली. १९६६ साली अमेरिकेतील रस्त्यांवर पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. हे सारे पाप या गाड्यांचे नव्हे. पण त्याच वर्षी मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके चढवले, की गाडी परवडे आणि विमा परवडेना. १९७० च्या कायद्याने धुरावर बंधन आले, १९७१ पासून इंजिनांचा दाब उतरू लागला आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले. दहा वर्षांत खेळ आटोपला.

म्हणजे ही मोटार स्वस्त कधीच नव्हती. तिच्या किमतीचा थोडा भाग दुकानात घेतला जाई. उरलेला रस्त्यावरचा पादचारी, शहरातली हवा आणि देशाची तेलाची गंगाजळी यांच्या खात्यावर मांडला जाई. ते खाते उघडताच गाडी गेली.

पाँटिअ‍ॅक हे नावही २०१० साली बंद पडले. जुन्या जीटीओ आता लिलावात संग्राहकांकडे जातात. ज्या कारकुनाच्या पोरासाठी ती गाडी घडली, त्याच्या नातवाला ती आज परवडत नाही. तिची तीन लक्षणे शाबूत आहेत; चौथे, जे तिचा प्राण होते, तेवढे हरपले. नवी वस्तू दारी येईल तेव्हा तिची किंमत विचारताना, उरलेली किंमत कोण भरणार हेही आपण विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.