शेवग्याचा पाला आणि डबीतल्या गोळ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाले आणि संसाराला लागले. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी गेल्या साली जे घडले तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

आमचे भाऊजी पुष्कळ वर्षे विडी ओढतात. त्यांना अंधूक दिसू लागले तेव्हा बाजारातल्या एका विक्रेत्याने गोळ्यांची डबी दिली. वर गाजराचे चित्र. "गाजराचेच सत्त्व आहे, अपाय कसला?" असे तो म्हणाला नि मलाही पटले. रोज सकाळी मीच आठवणीने गोळी देई. सुटीत थोरली लेक आली, ती नर्सिंग शिकते. डबी वाचून म्हणाली, "आई, काकांना ही देऊ नकोस." मी चिडलेच! गाजराने कधी कोणी आजारी पडले आहे का?

तिने समजावले ते असे. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याला बीटा-कॅरोटीन म्हणतात. वाकेनरोडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८३१ साली गाजरातून वेगळे काढले. आपले शरीर त्यातून गरजेपुरते अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की मूल दिवेलागणीला ठेचकाळू लागते. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात, आणि तरीही दुर्लक्ष केले तर बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाते.

भाजीपाला व फळे खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असे दिसले होते. तेव्हा हे द्रव्य गोळीतून दिले तर आणखी चांगले, असे मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटले. फिनलंडमध्ये विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला तो उलटा! ज्यांना रोज २० मिलिग्रॅमची गोळी दिली, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतही बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व मिळून देण्याचा असाच एक प्रयोग चालू होता. तो १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. हे ऐकून माझ्या हातापायांतले बळच गेले. आपल्याकडे धूम्रपान नसलेली घरे किती? सोलापुरात तर कितीतरी बायका विड्या वळूनच पोट भरतात.

भाऊजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, तर निघाला मोतीबिंदू! तो काही गोळीने जात नाही. शस्त्रक्रिया झाली, आता ते पेपर वाचतात. विडी मात्र अजून सुटलेली नाही.

मग हे सत्त्व घ्यावे कोठून? गाजर, पिकला आंबा, पपई आहेतच. पण आपला शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, चाकवत यांतही ते भरपूर असते. हिरव्या रंगाखाली तो पिवळा रंग झाकलेला असतो एवढेच. आपल्या कानडी शेजारणी शेवग्याला नुग्गी म्हणतात आणि पाला आपल्यापेक्षा जास्त खातात, हे कबूल करावे लागेल. मी कांदा-लसणाची फोडणी करून भिजवलेली मूगडाळ व पाला घालते, वर शेंगदाण्याचे कूट. तेलात काटकसर करू नका. स्निग्ध पदार्थाशिवाय हे सत्त्व अंगी लागत नाही. पाला साठवायचा तर सावलीत वाळवावा, उन्हात ते नासते.

लहान मुलांचा डोस मात्र निराळा, त्याला भिऊ नका. आपल्या देशात १९७० सालापासून अ जीवनसत्त्वाचे हे औषध मुलांना देतात. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत मिळून नऊ डोस. नर्सबाई येतात त्या दिवशी मूल घेऊन अंगणवाडीत जावे. गरोदर बाईने मात्र अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. जास्त झाल्या तर पोटातल्या बाळाला अपाय होतो. पालेभाजीने तसे होत नाही.

आमच्या परसात शेवग्याची दोन झाडे आहेत. ज्यांना लावायचा असेल त्यांनी पावसाच्या तोंडाला येऊन फांदी न्यावी. पाला तर केव्हाही न्या, फक्त झाडावर पोरे चढवू नका. शेवग्याची फांदी फार ठिसूळ असते.