प्राणवायू तितकाच, दाब मात्र कमी



१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचे वायुयान आकाशात चढले. वायूने भरलेल्या त्या प्रचंड फुग्याखालील पाळण्यात तिघेजण होते : गास्ताँ तिसाँदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. सुमारे ८,००० मीटर उंचीवर वायुभारमापक २८० मिलिमीटर दाखवीत असल्याचे तिसाँदिएने पाहिले. ते सोबत्यांना ओरडून सांगावे असे त्याच्या मनात आले. परंतु जीभ हलेना. प्राणवायूची नळी हाताशीच होती, पण हातही उचलेना. फुगा जमिनीवर उतरला तेव्हा तिघांपैकी तो एकटाच जिवंत होता.

त्या उंचीवर प्राणवायू नव्हता काय? होता. समुद्रकाठी हवेच्या शंभर भागांत तो जसा सुमारे एकवीस भाग असतो, तसाच तेथेही होता. कमी झाला होता तो हवेचा दाब.

दाब म्हणजे काय, हे समजण्यासाठी वायूच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. वायूचे रेणू सतत सैरावैरा धावत असतात. नेहमीच्या तपमानाला हवेतील रेणूंचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर असतो. भांड्याच्या भिंतीवर ते अखंड आदळत राहतात. या असंख्य आघातांची गोळाबेरीज म्हणजेच वायूचा दाब.

एवढे ध्यानात घेतले की बाकीचे आपोआप उलगडते. वायूला निम्म्या जागेत कोंडले, तर रेणूंची दाटी दुप्पट होते, आघात दुप्पट होतात आणि तपमान तेच राहिल्यास दाबही दुप्पट होतो. रॉबर्ट बॉइल याने हा नियम १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. उलट, बंद भांड्यातील वायू तापविला, तर रेणूंची संख्या तीच राहते, पण ते अधिक वेगाने आणि अधिक वेळा आदळतात. २७ अंश सेल्सिअसचा वायू ५७ अंशांपर्यंत तापविला, तर त्याचा दाब सुमारे एक-दशांशाने वाढतो. सायकलच्या धावेत काठोकाठ हवा भरून ती उन्हात ठेवू नये, याचे कारण हेच.

आता उंचीकडे वळू. आपण जणू हवेच्या सागराच्या तळाशी राहतो. डोंगर चढावा तसतसा डोक्यावरील हवेचा भार कमी होतो. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द दोम हा डोंगर चढला, तेव्हा शिखरावर पारा आठ सेंटिमीटरांहून अधिक खाली आला. समुद्रसपाटीवर पारा ७६० मिलिमीटर उभा राहतो. लेहच्या उंचीवर त्याचा दोन-तृतीयांशाच्या आसपासच उरतो.

फुफ्फुसांतून रक्तात प्राणवायू ढकलला जातो तो त्याच्या स्वतःच्या दाबामुळे. २८० मिलिमीटर दाबाच्या हवेत प्राणवायूचे रेणू इतके विरळ असतात, की जमिनीवरच्या हवेत तो शंभरात आठ भागांहूनही कमी उरावा, तशी शरीराची अवस्था होते. शरीराला महत्त्व आहे ते प्राणवायूच्या या दाबाचे, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात सप्रयोग दाखवून दिले.

या उणिवेचे खरे भय निराळेच आहे. ती वेदना देत नाही. श्वास चालूच असतो, गुदमरल्यासारखे फारसे वाटत नाही. उलट मनाला एक प्रकारची प्रसन्नता येते आणि विवेक आधी मावळतो. म्हणूनच लेहला विमानाने उतरणाऱ्याने, कितीही ठणठणीत वाटले तरी, आरंभीचे दिवस विश्रांती घ्यावी. म्हणूनच विमानात हवेचा दाब राखावा लागतो. आणि तो अकस्मात उतरल्यास मुखवटा आधी स्वतः लावावा व मग शेजारच्या मुलाला लावावा, अशी सूचना प्रत्येक उड्डाणापूर्वी देण्यात येते. ती स्वार्थाची शिकवण नव्हे. ज्याचा हात उचलत नाही, तो दुसऱ्याला वाचवू शकत नाही.