कड्यावरची कारकीर्द

स्नातकहो, नांगराचा फाळ अडतो ती जमीन वाशीमकडे पडीक म्हणून सोडून देतात. पण खडकही कामाला येतो. हे वाशीम म्हणजे वाकाटक राजांची राजधानी वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याच्या कड्यात सोळावं लेणं कोरवून घेतलं. आपल्या पायांखालचा खडकही तसाच, लाव्हारसाचा काळा पाषाण.

अशा खडकावर दगडफूल वाढतं. काळ्या मसाल्यात पडतं तेच. तो दोघांचा संसार आहे: बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर अन्न शिजवतं. कित्येक जाती वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकतात. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी या जिवांसाठी वर्षानुवर्षं दिली. साल असो वा खडक, नमुना आणायचा, ब्लेडने पारदर्शक काप घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे कप्पे मोजायचे. पोटॅशचा थेंब टाकायचा आणि डाग पिवळाच राहतो की पुढे लाल होतो, ते पाहून जात ओळखायची. कित्येक जातींच्या शास्त्रीय नावांमागे आज या दोघांची नावं लागतात. हे काम टाळ्यांचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय पुढचं कुठलंच काम उभं राहत नाही.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे डग्लस लार्सनही आधी दगडफुलांचेच अभ्यासक. तिथून ते नायगारा कड्याकडे वळले. कपारीत वाकडीतिकडी, खुरटी झाडं होती. आपल्या बागेतल्या मोरपंखीचे हे नातलग. 1988 मध्ये त्यांच्या चमूने पोकळ गिरमिटाने खोडातून बारीक कांडी काढली आणि वर्तुळं मोजली, तेव्हा वय शतकांत निघालं. पुढे हजारी ओलांडलेली झाडंही सापडली. कुऱ्हाड तिथे पोचली नव्हती, वणवाही नाही. उपासमारीच्या संथ वाढीने झाडं तगली होती.

महाराष्ट्रातही असंच घडलं आहे. शिवनेरी, पुरंदरच्या उभ्या कड्यांवर, गुरांचं तोंड पोचत नाही अशा जागी, शिंदळ माकुडी तग धरून आहे. मांसल खोड, गडद लाल फुलं. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिच्या प्रजातीला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. जगात ती फक्त सह्याद्रीत आहे.

वाशीम जिल्ह्यात शिवनेरीसारखे कडे नाहीत. विहिरींचे बांधीव काठ आहेत, जुन्या देवळांचे चिरे आहेत, रस्त्याकडेचे कडुनिंब आहेत. दगडफुलांना तेवढं पुरतं. 1866 मध्ये दगडफुलांचे अभ्यासक नायलँडर यांनी पॅरिसमध्ये दाखवून दिलं की शहराची हवा बिघडली की दगडफुलं नाहीशी होतात, बागेत मात्र तग धरतात. कारंजा, रिसोड, मालेगावच्या रस्त्यांवर दगडफुलं कुठे आहेत आणि कुठे नाहीत, अशी नोंद आजही घेता येईल. त्याला लागतं दहापट मोठं दाखवणारं भिंग, चाकू आणि घडी घातलेली कागदी पाकिटं. देवळाच्या चिऱ्याला चाकू लावू नका, तिथे फोटो पुरे. कारंजा-सोहोळ अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी घ्या. नमुना सावलीत सुकवा आणि पाकिटावर जागा, तारीख, झाडाचं नाव त्याच दिवशी लिहा.