सभागृह रात्री दहाला बंद होईल



या शहरात मराठी व्यासपीठावरून बोलायचे तर सुरुवात शहाजीराजांपासून करावी, असा रिवाज आहे. तो पाळतो. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले, रणदुल्लाखानासोबत शहाजीराजे होते आणि पुढे ही त्यांची जहागीर झाली. रिवाज संपला. आता खेळांकडे वळू.

मी खेळ बनवणाऱ्यांपैकी नाही. दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात माझी हयात गेली. मला स्वागताध्यक्ष केले ते वर्गणी मागताना मी लाजत नाही म्हणून. पण समितीत बसल्यावर एका मुद्द्यावर माझे आणि तरुण मंडळींचे चांगलेच वाजले. त्याचा निकाल तुम्हाला आज रात्रीच भोगायचा आहे, म्हणून तो सांगणे भाग आहे.

त्याआधी दोन शब्द पालकांसाठी. मुलगी लॅपटॉप घेऊन दोन दिवस कुठे चालली आहे, हे बघायला तुमच्यापैकी काहीजण आला आहात. याला गेम जॅम म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी एक विषय जाहीर होतो, अनोळखी माणसे एकत्र येऊन संघ करतात आणि रविवारी दुपारपर्यंत त्या विषयावर खेळता येईल असा एक छोटा खेळ तयार करतात. 2006 मध्ये कोपनहेगनला नॉर्डिक गेम जॅम सुरू झाला. त्यावरून सुचलेला ग्लोबल गेम जॅम जानेवारी 2009 च्या अखेरीस पहिल्यांदा भरला, तेव्हा 23 देशांत मिळून 53 ठिकाणी माणसे एकाच वीकेंडला 48 तास बसली होती. न्यूझीलंडची संध्याकाळ आधी होते, हवाईची सर्वांत शेवटी. तोवर बाकीच्यांनी विषय बाहेर फोडायचा नाही असा दंडक. इतक्या लोकांनी एखादी गोष्ट पोटात ठेवणे हेच मला मोठे नवल वाटते. आमच्या समितीत दोघांना ठेवता आली नाही.

2013 च्या ग्लोबल गेम जॅमला विषय म्हणून शब्द दिलाच नव्हता, फक्त हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला होता. लंडनमधल्या एका संघाने त्यावरून शस्त्रक्रियेचा खेळ केला. त्यातल्या सर्जनची बोटे एकेक करून हलवावी लागतात, आणि हृदय बसवण्याऐवजी घड्याळ रुग्णाच्या छातीत पडते. तो ‘सर्जन सिम्युलेटर’ पुढे विकला गेला आणि गाजला. पुढच्या वर्षी ओटावाच्या संघाने ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ केला. एकाच्या समोर टाइमबॉम्ब, बाकीच्यांच्या हातात तो निकामी करण्याची पुस्तिका. ह्याला पुस्तिका दिसत नाही, त्यांना बॉम्ब दिसत नाही. सगळा खेळ बोलण्यावर. पुस्तिका कागदावर छापून घेता येते. म्हणजे ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरवर खेळ खेळला नाही, अशी माणसेही त्यात पूर्ण भागीदार होतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मनमिळाऊ कल्पना आहे.

आपल्याकडेही प्रोग्रॅमिंग येत नसेल तर दार बंद नाही. पुठ्ठा, रंग आणि सोंगट्या घेऊन बसलात तरी चालेल. खेळ रचणारी माणसे या मुलखाला नवी नाहीत. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयर हे राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर बरेच मोकळे झाले होते. त्यांनी बुद्धिबळातल्या घोड्याला पटावरच्या प्रत्येक घरातून एकदाच फिरवण्याची कोडी सोडवली, गंजिफ्याचे नवे डाव रचले. ‘श्रीतत्त्वनिधि’ या त्यांच्या ग्रंथाचा शेवटचा भागच खेळांवर आहे. गंजिफा तर म्हैसूरइतकाच आपल्या सावंतवाडीचाही: गोल पाने, दशावताराची दहा कुळे, एकशेवीस पानांचा जोड. परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट घ्या, किंवा इथले कन्नड शेजारी ज्याला चौकाबारा म्हणतात तो कवड्यांचा पट घ्या. हे खेळ ज्यांच्या हातात आहेत ती माणसे साठीच्या पुढची आहेत आणि त्यांना कुणी गेम जॅमला बोलावत नाही. आम्ही बोलावले आहे. अशा काही आजी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याकडून नियम समजून घ्या. नियम म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते, कारण नातवंडांची भांडणे त्यांनीच सोडवली आहेत.

आता समितीतले ते भांडण.

तरुणांचे म्हणणे होते, सभागृह दोन्ही रात्री उघडे ठेवू. जॅमची मजा रात्रीच असते, म्हणाले. पहाटे तीनला जो विनोद सुचतो तो दुपारी सुचत नाही. त्यांचे खोटे नव्हते. पण रात्री अडीचला तिथे उरते कोण, असे मी विचारले. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे, ज्याची घरी कुणी वाट पाहत नाही, ज्याला सोमवारी उशिरा गेले तरी चालते. मेट्रो अकराच्या सुमारास थांबते. येलहंक्याला परतणारी मुलगी त्याआधी निघणार, लहान मूल घरी ठेवून आलेली चित्रकार त्याहून आधी, आणि तिसऱ्या रांगेतल्या आजी तर साडेआठलाच. मग रात्री एकला राहिलेले तिघे ठरवतात की खेळात राक्षस नको, रेल्वे हवी. सकाळी ती चित्रकार येते तेव्हा तिने काढलेला राक्षस रद्द झालेला असतो. कुणी तिला हाकलले नाही, कुणाच्या मनात वाईट नव्हते. पण खेळ आता तिचा राहिलेला नसतो. ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असा फलक बाहेर लावून आत असे होऊ द्यायचे नाही, एवढाच माझा हट्ट होता.

मत घेतले. मी एका मताने जिंकलो, तेही खजिनदारांना रात्रीच्या जनरेटरचा खर्च वाचवायचा होता म्हणून. तेव्हा सभागृह रात्री दहाला बंद, सकाळी सातला उघडे. घरी जाऊन काम करू नका असे मी म्हणत नाही, म्हटले तरी कोण ऐकणार? फक्त खेळाचा नियम बदलायचा असेल तर सगळा संघ समोरासमोर असताना बदला.

बक्षिसे नाहीत. एका प्रायोजकाला मोठी रक्कम द्यायची होती, ती आम्ही जेवणाकडे वळवली. उद्या दुपारच्या बिसीबेळे भाताबरोबर तूप दिसेल, ते त्यातलेच. रोख बक्षीस लावले की मुरलेली मंडळी संघ आधीच बांधून येतात आणि नवखा भिंतीला टेकून उभा राहतो. ग्लोबल गेम जॅमही स्पर्धा नाही, आणि ते बरेच आहे.

मराठीत खेळ करणाऱ्यांना एक कामाची सूचना, जी मला तांत्रिक समितीने चार वेळा पाठ करायला लावली. खेळ बनवण्याच्या काही साधनांना देवनागरी नीट मांडता येत नाही. ‘किल्ला’ लिहिले की पहिली वेलांटी ‘क’ सोडून भलतीकडे जाते, जोडाक्षराचा पाय मोडतो. गोडो हे फुकट आणि मुक्त साधन आहे. 2023 मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ही अडचण बरीचशी सुटली आहे. दुसरे काही वापरत असाल तर आजच, पहिल्या तासात, एक जोडाक्षरांनी भरलेले वाक्य पडद्यावर आणून बघा. मोडले तर अक्षरे चित्र म्हणून चिकटवा. हे रविवारी जेवणानंतर कळून उपयोग नाही. आणि रविवारी सकाळी दहानंतर उत्तम कल्पना सुचलीच तर ती वहीत लिहून ठेवा, खेळात घालू नका.

व्यवस्थेत उणिवा आहेत. प्लगच्या जागा कमी पडतील, एक्स्टेन्शन बोर्ड आणले असतील त्यांनी ते शेजाऱ्याला द्यावेत. वाय-फायबद्दल मी बोलत नाही. मुलांसाठी मागची खोली मोकळी ठेवली आहे, तिथे एक स्वयंसेविका कायम असेल.

ज्यांचा संघ ठरलेला नाही त्यांनी माझे भाषण संपताच डाव्या भिंतीपाशी यावे. तिथे कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. नाव लिहा आणि खाली काय करता येते ते लिहा: चित्र, गाणे, हिशेब, गोष्ट, काहीही. ‘काही येत नाही’ असे लिहिलेली चिठ्ठी मी परत देणार आहे. खेळून पाहणारा आणि कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगणारा माणूस प्रत्येक संघाला लागतो, तर तसे लिहा.

कॉफी मागच्या व्हरांड्यात आहे, विषयाचे पाकीट बरोबर सहाला उघडू.