दिंडीनं काय शिकवलं, काय सोडवलं

(शताब्दी सप्ताहात झालेलं भाषण)



‘दिंडी आणि शिक्षण’ यावर दोन शब्द बोला, असा मला निरोप आला. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत फळ्यापुढं उभा होतो, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. पण शिकवावं कसं हे मी डी.एड.ला कमी आणि दिंडीत जास्त पाहिलं.

आपले जुने विणेकरी साठीच्या पुढच्या मंडळींना आठवत असतील. सहीच्या जागी अंगठा. पण काकड्यापासून शेजारतीपर्यंतची मालिका, वारांचे अभंग, एकादशीचे अभंग, गवळणी, सगळं तोंडपाठ. शिकले कुठं? चालता चालता. नवं पोर आलं की ते त्याला दोन पक्क्या टाळकऱ्यांच्या मधे उभं करायचे. एवढाच प्रवेश, फी नाही, दाखला नाही. दोन्ही कानांवर टाळ, नजर पुढच्याच्या टाचेवर. दिवेघाट चढताना पोराचा टाळ चुकत असायचा. नीरेचं स्नान होईतो पावली जमलेली असायची. कुणी ओळ चुकला तर बुवा थांबवत नसत, नाव घेत नसत. तीच ओळ पुन्हा घ्यायचे, बरोबर म्हणून. चुकणाऱ्याला काय ते कळायचं, बाकीच्यांना वाटायचं की आज बुवांना ही ओळ फार गोड लागली. आम्ही मास्तर लोक लाल शाईनं जे करायचो, ते हा माणूस नुसत्या गळ्यानं करायचा, आणि पोरगं रडत घरी जायचं नाही.

पुस्तकी अभ्यासाला आपल्या संप्रदायानं नाक मुरडलं, असं मात्र कुणी समजू नये. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. तिथून शिकून गेलेले कीर्तनकार गावोगाव आहेत. तेही हवं, हेही हवं.

समाजआरतीचं बघा. तळावर सगळ्या दिंड्या गोळा झालेल्या, टाळांचा कल्लोळ. चोपदारांनी दंड वर केला की सगळे टाळ बंद. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात, मग ती दिंडीही शांत. अर्ज नाही, आरडाओरडा नाही. आपलं गाऱ्हाणं कसं मांडावं, आणि दुसऱ्याचं चाललं असताना गप्प कसं उभं राहावं, हे दहा-बारा वर्षांचं पोर तिथं डोळ्यांनी बघतं. नागरिकशास्त्राचा धडा मी कितीदा शिकवला, पण असा काही उतरला नाही.

हे झालं शिकण्याचं. सोडण्याचं काम जास्त अवघड. घरानं, गल्लीनं लहानपणापासून आपल्या अंगात मुरवलेलं असतं, हा आपला, तो पलीकडचा. वारीत समोरचा दिसला की माउली म्हणायचं, पायाला हात लावायचा. वय विचारायचं नाही, आळी विचारायची नाही. मग ते मुरलेलं हळूहळू ढिलं पडतं. पण पुरतं जातं का?

इरावती कर्वे मोठ्या अभ्यासक बाई. त्या स्वतः दिंडीबरोबर पायी चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. माणसं एकत्र चालतात, एकत्र गातात आणि जेवायला वेगवेगळी बसतात, हे त्यांना खटकलं, आणि त्यांनी ते प्रेमानं पण स्पष्ट लिहिलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. तिच्यासमोरून आपण पिढ्यान्‌पिढ्या आत जात होतो, आणि चोखोबांची माणसं बाहेरूनच हात जोडत होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. एवढे अभंग पाठ असलेल्या आपल्यासारख्यांना त्यासाठी एका मास्तराचं उपोषण लागलं. मास्तरांचा म्हणून मला अभिमान वाटतो, वारकरी म्हणून मान खाली जाते.

आता आपल्या घरचं बोलतो. राग मानू नका.

मागं एका वारीत, धो धो पावसात, आपल्या विणेकऱ्यांना ताप भरला. वीणा तर खाली ठेवायची नाही. वेशीपलीकडच्या वस्तीतल्या एक तुळशीवाल्या आजी पुढं आल्या, डोक्यावरची तुळस सुनेकडं दिली आणि वीणा गळ्यात घेतली. दोन दिवस, दोन मुक्काम. कुणी हरकत घेतली नाही. उलट पाया पडताना आपण सगळे आधी वीणेच्या आणि मग आजींच्या पाया पडलो. ज्यांनी हे पाहिलं त्यातले दहा-पंधराजण आज मांडवात बसलेत.

पंढरी करून परत आलो. सप्ताह बसला. देवळाच्या भिंतीवर वीणेच्या पहाऱ्याची यादी लागली. दोन-दोन तासांचा पहारा, दिवसाचे बारा, सात दिवसांचे चौऱ्याऐंशी. त्यात आजींचं नाव नव्हतं. त्यांच्या वस्तीतलं एकही नव्हतं, आणि बाईचंही एकही नव्हतं. कुणी मुद्दाम गाळलं, असं मी म्हणत नाही. मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी लिहायची, अशी आपली पद्धत. पहाटेच्या दोन ते चारला माणूस मिळत नाही म्हणून चालक दारोदार फिरतात, तरी त्या वस्तीचं दार कुणाला आठवत नाही. म्हणजे वाटेनं जे सोडवलं, ते वेशीत शिरताना आपण पुन्हा उचलून घेतो.

आजी आता नाहीत. त्यांची सून आहे, तीही तुळस घेऊन चालते, मालिका तिला पाठ आहे. तिची नात आठवीत आहे, हरिपाठाला रोज येते.

चालकांशी माझं बोलणं झालंय. आपला हा शताब्दीचा सप्ताह परवा काल्यानं संपेल. पुढच्या सप्ताहाची यादी जुन्या कागदावरून लिहायची नाही, कोरा कागद घ्यायचा, असं ठरलंय. उद्या काकडा झाला की वही घेऊन मी गरुडखांबाशी बसतो. ज्याला, जिला पहारा करायचा असेल, त्यांनी नाव आणि वेळ सांगावी. दोन ते चारचा पहिला पहारा माझ्या नावावर लिहून ठेवलाय. जोडीला कोण येतंय?

रामकृष्ण हरी.